गोठवलेले खाते पूर्ववत करणेबाबत

परभणीतल्या मराठी माध्यमाच्या पोरांना ‘प्रोफेशनल’चं स्पेलिंग कोणी शिकवलं, हा प्रश्न शिक्षण खात्याने कधी विचारला नाही ते बरंच झालं. श्रेय द्यायची पंचाईत झाली असती. ते इंग्रजीच्या सरांनी शिकवलं नाही, गाइडने नाही, इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासनेही नाही. ते शिकवलं ‘जीटीए व्हाइस सिटी’ या गेमने. मागे पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर, आयुष्याचा आकडा शेवटच्या पाचावर, आणि अशा वेळी स्क्रीनवरची नजर न हलवता एका दमात ‘प्रोफेशनलटूल्स’ ही १७ अक्षरं बडवायची. एक ‘एस’ खाल्ला तर बंदूक मिळत नाही, आणि व्हाइस सिटीचे पोलीस ‘जाऊ दे, लेकरू आहे’ म्हणत नाहीत. इतकी कडक शुद्धलेखन तपासणी बोर्डानेही कधी केली नाही. तेच पोरगं पुढे रसायनशास्त्राच्या पेपरात ‘ॲस्पिरिन’ लिहिताना शेवटी एक ‘ई’ जादा लावायचं, कारण गेममध्ये तो लावल्याशिवाय जीव भरत नाही. बाईंनी त्या ‘ई’वर लाल रेघ मारली की पोराला बाईंचीच काळजी वाटायची.

हा गेम कॉम्प्युटरवर आला २००३ साली. परभणीत तो कसा आला याची कुठल्याही कंपनीच्या हिशेबात नोंद नसावी. आला तो कोऱ्या सीडीवर, मार्करने नाव लिहून, कोणाच्या तरी औरंगाबादच्या आतेभावाकडून. स्टेशन रोडवरच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये. खुर्ची एक, खेळणारा एक, आणि खुर्चीमागे उभे राहून सल्ला देणारे चार. त्यातला एकजण खास असले कोड सांगायला. त्याच्याकडे वही असे. वहीत पुढून इतिहासाच्या टिपा आणि मागून ‘पँझर – रणगाडा’, ‘लीव्ह मी अलोन – पोलीस जातात’, ‘सीवेज – गाडी पाण्यावर चालते’ असे दोन रकाने आखलेले. गंगाखेडच्या पोरांना त्या शेवटच्या कोडाचं फारसं कौतुक नसे. गोदावरीच्या पात्रातून वाळूची टिप्परं कोडाशिवायच धावताना त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

त्यानंतरच्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये तर ‘हेसोयाम’ नावाचा मंत्रच होता. उच्चारला तर सोऽहम् चा लांबचा भाऊबंद वाटावा. टाइप केला की अडीच लाख डॉलर, अंगावर चिलखत आणि ठणठणीत प्रकृती. सात अक्षरांना एवढी फलश्रुती आमच्या आजीच्या कुठल्या पोथीतही नव्हती. आणि सोवळंओवळं काही नाही, चिप्सच्या तेलकट हातानेही पावत असे.

या सगळ्याला शिक्षा होती का? होती, पण ती गेमच्या आतच होती. व्हाइस सिटीत ‘नोबडी लाइक्स मी’ असा एक कोड आहे. तो टाकला की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तुमच्यावर धावून येतो. हा कोड मागे घेता येत नाही. त्यात गेम सेव्ह केला तर त्या सेव्हमध्ये तुमच्याशी जन्माचं वैर. आता कॅफेत काय व्हायचं, की गेम सेव्ह करायला एकूण ८ जागा आणि गिऱ्हाइकं गावभर. आपण महिनाभर घाम गाळून, मधल्या भारनियमनात तीनदा सगळं गमावून, अखेर त्या फिरत्या कॅसेटच्या खुणेवर जाऊन उभं राहायचं, सेव्ह करायचं, समाधानाने घरी जायचं. दुसऱ्या दिवशी येऊन तोच सेव्ह उघडावा तर दारातून बाहेर पाऊल टाकल्याबरोबर एक म्हातारी पर्स घेऊन अंगावर. तिच्यामागे पिझ्झावाला. त्याच्यामागे अख्खा समुद्रकिनारा. रात्रीतून कोणीतरी आपल्या जागेवर बसून ‘नोबडी लाइक्स मी’ टाकून, सेव्ह करून, निवांत पूर्णेच्या पॅसेंजरने निघून गेलेला. कॅफेवाल्याकडे तक्रार केली तर तो म्हणायचा, “मग तू कायला लोकांच्या नादी लागलास?” त्याला गेममधले लोक आणि कॅफेतले लोक यांतला फरक कळत नव्हता, आणि सल्ला तरीही बरोबर होता.

पण सेव्हच्या मालकाला सोडून इतर कोणाला त्या कोडांचा उपद्रव झाला म्हणाल, तर नाव नको. व्हाइस सिटीत नायक टॉमी व्हर्सेटी एकटा. त्याने हवेतून रणगाडा पाडला काय आणि स्वतःच्या खिशातून काढला काय, मानवतच्या माणसाचा त्यात एक रुपया जात नव्हता. शिवाय हे कोड काही चोरून मिळवलेले नव्हते, ते गेम करणाऱ्यांनीच आत ठेवलेले. १९८६ साली जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ ‘ग्रॅडियस’ हा गेम घरच्या मशीनवर आणत होते. तपासायला म्हणून खेळून बघावा तर तो त्यांनाच जमेना. मग त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक गुप्त कोड घातला. काम झाल्यावर तो काढायचा राहून गेला. स्वतःच काढलेला पेपर स्वतःला सुटत नाही म्हणून उत्तरपत्रिका ड्रॉवरमध्ये ठेवणारे इतके प्रामाणिक परीक्षक आपल्याकडे झाले नाहीत. हाच कोड पुढे ‘काँट्रा’त आला आणि त्याने ३० जीव मिळू लागले. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी आणि शेवटी बी, ए. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचं आयुष्य अगदी याच क्रमाने गेलं. खूप वर-खाली केलं, डावीउजवीकडे हात मारून पाहिले, आणि शेवटी बी.ए.

‘डूम’ १९९३ चा. त्यात ‘आयडीडीक्यूडी’ टाइप केलं की मरण नाही. हेही बनवणाऱ्यांनीच दिलेलं. आणि विंडोजमधले पत्ते तर आमच्या जिल्ह्यातल्या यच्चयावत कचेऱ्यांत पोचलेले. त्या सॉलिटेअरमध्ये एकदम तीन पानं उलटायचा डाव लावला असेल तर कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून एकेक पान उलटता येतं. ही तीन बटणं एका हाताने दाबत, दुसऱ्या हाताने माउस हलवत, तोंडाने ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असं सांगणारा कारकून मी डोळ्यांनी पाहिला आहे. मराठी पोरांना यात नवं काहीच नव्हतं. अंगणातल्या लपंडावात धाकट्या भावाला ‘कच्चा लिंबू’ करून घेण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही, तो कितीही वेळा आउट झाला तरी खेळतच राहतो. पडद्यावर ती सोय मिळायला आयडीडीक्यूडी टाइप करावं लागतं, अंगणात नुसतं भोकाड पसरलं की भागतं.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर, २०२५ च्या जुलैत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातल्या मोबाईलवर सभागृहात पत्त्यांचा गेम उघडा असल्याचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्याऐवजी मिळालं क्रीडा खातं. आमचं गाव कृषी विद्यापीठाचं, त्यामुळे इथे या घटनेवर जरा जास्तच तज्ज्ञांची मतं ऐकू आली. गेम सापडला म्हणून खातं काढून घ्यायचं आणि खेळाचंच दुसरं द्यायचं, ही शिक्षा अजून एकाही गेमच्या कंपनीला सुचलेली नाही.

कंपन्यांच्या शिक्षा वेगळ्या आहेत, आणि त्या कळायच्या तर आधी ‘अकाउंट’ हे प्रकरण कळलं पाहिजे. कॅफेच्या काळात गेम म्हणजे सीडी. सीडी हातात, गेम आपला. आता गेम विकत घ्यायचा म्हणजे खातं उघडायचं, ईमेल द्यायचा, फोन नंबर द्यायचा, अटी मान्य आहेत असं न वाचता म्हणायचं. वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सातबारा वाचून घेणारी आमची माणसं इथे मात्र डोळे झाकून ‘सहमत’वर बोट ठेवतात. २०२४ पासून स्टीम हे दुकान पैसे घेतानाच खाली बारीक अक्षरांत सांगतं, की तुम्ही विकत घेताय तो गेमचा परवाना. म्हणजे गेम त्यांचा, खातं त्यांच्याकडे, आपल्याकडे काय तर पासवर्ड, आणि तोही विसरलेला.

तर या खात्यापायी एकट्याच्या डावात कंपनी येऊन बसली. २००८ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर गैरमार्गाने गुण कमावणाऱ्यांचे सगळे गुण शून्यावर आणले आणि त्यांच्या प्रोफाइलवर ‘चीटर’ असं लिहून ठेवलं. घरात सोफ्यावर एकटं बसून केलेलं कर्म चारचौघांत चव्हाट्यावर. २०१० मध्ये ब्लिझार्ड कंपनीने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. ‘स्टारक्राफ्ट २’ नुकताच आला होता. त्यात कंपनीचे स्वतःचे अधिकृत कोड आहेत. ते वापरा, काही हरकत नाही, फक्त तेवढ्यापुरती मानाची पदकं मिळणार नाहीत. पण काही जणांनी बाहेरून ‘ट्रेनर’ नावाचे प्रोग्राम आणून चालवले, तेही संगणकाविरुद्ध खेळताना, आणि त्यांची खाती स्थगित झाली. संगणकाने तक्रार केली होती का? नाही. मुद्दा पदकांचा. एकट्याच्या डावातली पदकं त्याच खात्यावर चढतात, आणि ते खातं घेऊनच माणूस चारचौघांत खेळायला जातो. कंपनीचं म्हणणं तसं अगदीच चूक नाही. पण मग पदकं काढून घ्या की. चपराशाने ऑफिसातली पेन्सिल घरी नेली म्हणून त्याला घरातून बाहेर काढायचं, हे कुठलं?

सगळेच असे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची चोर पकडण्याची यंत्रणा २००२ पासून आहे, आणि तिने घातलेली बंदी कायमची असते. तिथे दया नाही, अपील नाही. पण ती बंदी ऑनलाइन खेळणाऱ्याला, आणि तीही ऑनलाइन सर्व्हरपुरती. आपल्याच संगणकावर एकटं बसून काय ते दिवे लावा, व्हॉल्व्ह बघायला येत नाही. मला हा न्याय पटतो. चारजण खेळत असताना भिंतीपलीकडचं बघणाऱ्याला हाकलाच. त्याची गोळी खाऊन सेलूचं जे पोरगं रात्रभर तळमळलं, ते खरं फसवलेलं.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जीटीएच्या पाचव्या भागात एकट्याने खेळताना कोड आहेत. गेममधल्या मोबाईलवरून नंबर फिरवला की पाच मिनिटं मरण टळतं, गाडी येते, पाऊससुद्धा पडतो. पैशाचा कोड मात्र नाही. ‘हेसोयाम’ गेला. त्याच गेमच्या ऑनलाइन भागात ‘शार्क कार्ड’ नावाने खोटे डॉलर खऱ्या रुपयांना मिळतात. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त तर एकट्यानेच खेळायचं, कोणाशी स्पर्धा नाही, तरीही आपला माणूस लवकर तयार व्हावा यासाठी वेग वाढवून देणारी गोष्ट कंपनी पैसे घेऊन विकत होती. म्हणजे वहीच्या मागच्या पानावर फुकट होतं ते आता काउंटरवर. पोराने स्वतःच्या अकलेने केलं तर अंचई, आणि बापाचं कार्ड वापरून केलं तर ग्राहक.

आता घरातलं सांगतो. आमच्या वहिनी कँडी क्रशच्या पुढच्या कुठल्या तरी अवघड मजल्यावर आहेत. त्यात पाच जीव मिळतात, संपले की अर्ध्या तासाला एक असा नवा येतो. वहिनींना एवढा धीर नाही, कारण कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्यांना तो मजला पार करायचा असतो. त्यांनी कोणाला न विचारता शोध लावला, की फोनची तारीख एक दिवस पुढे केली की पाचही जीव लगेच हजर. जगभर लाखो लोकांनी हाच शोध लावला आहे, पण ते वहिनींना सांगायची कोणाची छाती नाही. झालं असं, की तारीख पुढे गेल्यावर व्हॉट्सॲप रुसून बसलं. फोनची तारीख चुकीची आहे, आधी ती नीट करा, म्हणू लागलं. तारीख मागे आणली तर गेमने सूड घेतला, पुढचा जीव एकदम कित्येक तासांनी दाखवला. म्हणून वहिनींनी तारीख पुन्हा पुढेच ठेवली. आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या पहाटे येतं त्या पहाटेचा गजर वहिनींच्या फोनवर. तो गजर एक दिवस आधीच वाजला. घरातली सगळी माणसं अंधारात बादल्या, घागरी, टोपं मांडून कोरड्या नळापुढे उभी. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं, आणि परत जाऊन झोपले. गेमच्या कंपनीने या गुन्ह्याबद्दल वहिनींवर आजवर कोणतीही कारवाई केलेली नाही.

कारवाई झाली ती भाच्यावर. बहीण जिंतूरला असते. भाचा इंजिनिअरिंगला, म्हणजे लॅपटॉप अभ्यासासाठी घेतलेला. दिवाळीत आजोबांनी दिलेल्या पैशातून त्याने एक गेम घेतला. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण भाच्याची आशा अजून सुटलेली नाही. त्या गेममध्ये एक भाग एकट्याने खेळायचा आणि एक ऑनलाइन. एकट्याच्या भागात एक राक्षस काही केल्या मरेना. मग भाच्याने ट्रेनर लावला.

ट्रेनर ही काही जादू नाही. खेळताना आपल्या आयुष्याचा आकडा संगणकाच्या मेमरीत कुठेतरी लिहिलेला असतो. मार बसला की गेम तो कमी करतो. ट्रेनर ती जागा हुडकून काढतो आणि आकडा कमी झाला रे झाला की पुन्हा शंभर लिहितो. बास. राक्षस मारतोय, ट्रेनर पुसतोय. असं करून भाच्याने तो राक्षस मारला, आनंदाने टाळी वाजवली, आणि ट्रेनर बंद न करता मित्रांनी बोलावलं म्हणून ऑनलाइन गेला.

अशा गेममध्ये अँटी-चीट नावाचा पहारेकरी बसवलेला असतो. तो म्हणजे बारावीच्या परीक्षेतलं भरारी पथक. शेजारच्या नांदेडात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्ती राबवली, तिचा नांदेड पॅटर्न झाला, आणि मग आमच्याकडच्या पोरांनाही पथक म्हणजे काय ते नीट कळलं. पथकाला खिशात चिठ्ठी सापडली की संपलं. ती काढली होती की नव्हती, या पेपराची आहे की मागच्या मंगळवारच्या भूगोलाची धुवायची राहिली, हे पथक ऐकत बसत नाही. अँटी-चीटलाही भाच्याच्या मेमरीत चिठ्ठी दिसली. ती एकट्याच्या राक्षसासाठी होती, हे सांगायला तिथे माणूस नव्हता.

रात्री फोन आला. “मामा, बॅन केलं ओ मला.”

“कामून?”

“ट्रेनर चालू राहिला होता.”

“चालू ठेवून कशाला गेलास?”

“म्हटलं बघू. बनी तो बनी...”

नहीं तो परभणी. ही म्हण आमच्या गावाच्या नावाला कोणी आणि कधी चिकटवली देव जाणे, पण ट्रेनर वापरणाऱ्यांसाठी तिच्याइतकं नेमकं धोरण नाही.

सकाळी घरात बैठक बसली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला तो असल्या प्रसंगी आमच्याकडे नेहमी विचारतात तोच. “त्या कंपनीत आपल्याकडचं कोणी नाही का?” हिंजवडीत आमचे जे दोघं-तिघं आहेत त्यांची नावं निघाली. त्यातला एकजण विम्याचं सॉफ्टवेअर बघतो, त्याला फोन लावून झाला. तो म्हणाला, माझंच खातं मागच्या वर्षी गेलंय. मग अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातले सगळे अर्ज मीच लिहितो. वीजजोडणीपासून पीकविम्यापर्यंत माझा हात बसलेला आहे.

मी लिहिलं : प्रति, मा. व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. विषय : गोठवलेले खाते पूर्ववत करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार हा होतकरू व गरजू विद्यार्थी असून जिंतूर, जि. परभणी येथील कायमचा रहिवासी आहे. सदर ट्रेनर हा केवळ एकट्याने खेळावयाच्या विभागात वापरण्यात आलेला असून त्यात मारले गेलेले सर्व इसम व राक्षस हे संगणकाचे होते. त्यामुळे इतर कोणत्याही खेळाडूच्या जीवितास अथवा मालमत्तेस हानी पोहोचलेली नाही. सदर ट्रेनर बंद करावयाचे अनवधानाने राहून गेले. तरी मा. साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करून खाते पूर्ववत करावे, ही विनंती. सोबत : आधार कार्डाची छायांकित प्रत, बोनाफाइड.

खाली अर्जदाराचं नाव लिहायचं म्हणून भाच्याला त्याचं गेममधलं नाव विचारलं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “डेडली रावण.” होतकरू व गरजू डेडली रावण. आबांनी चष्मा वर करून नातवाकडे पाहिलं. आधार कार्डावर वेगळं नाव, अर्जावर वेगळं, तहसीलमध्ये तर एवढ्यावरच प्रतिज्ञापत्र मागितलं असतं. भाच्याने सगळ्याचं इंग्रजी करून पाठवून दिलं. मी चहाला दूध घालेपर्यंत उत्तर आलं. आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक आढावा घेतला आहे, निर्णय कायम आहे, यापुढे या विषयावर पत्रव्यवहार केला जाणार नाही. इतक्या झपाट्याने नकार आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत मिळत नाही. तिथे निदान ‘सोमवारी या’ म्हणतात. सोमवारी गेलं की साहेब नसतात, पण मधले चार दिवस माणूस आशेवर जगतो. यंत्राला एवढंही सौजन्य शिकवलेलं नाही.

या पोरांना बंदीचं तसं नवल नाही. ही पिढी बंदीतच वाढली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल गेला. कोणी अंचई केली नव्हती, तरी सगळ्या देशाचा एकदम डाव मोडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. पब्जीच्या जागी आलेला बीजीएमआय त्याच वर्षी जुलैत गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. कंपनीची बंदी, सरकारची बंदी आणि तिसरी आईची. तिसरीत खातं शाबूत राहतं, चार्जर ज्वारीच्या कणगीत जातो. आणि तिसरीवर अपील चालतं. भांडी घासून दिली की संध्याकाळपर्यंत निकाल लागतो.

एक धोका मात्र घरच्या मोठ्यांनी जाणून घ्यावा असा आहे. स्टीमवर २०२४ पासून ६ जणांचं एकत्र कुटुंब करता येतं, म्हणजे एकाने घेतलेला गेम बाकीच्यांनी खेळायचा. सोय चांगली. पण तुमच्या मालकीच्या गेमवर कुटुंबातल्या दुसऱ्याने अंचई केली आणि त्याला त्या गेममध्ये बंदी बसली, तर तुम्हालाही बसते. केलं पुतण्याने, भोगलं काकाने. ही तरतूद ज्याने लिहिली त्याचं गाव कोणतं मला माहीत नाही, पण भाऊबंदकीचा त्याचा अभ्यास दांडगा दिसतो. म्हणून कोणी भाचा-पुतण्या गोड बोलून ‘मामा, मला फॅमिलीत घ्या ना’ म्हणाला, तर आधी त्याचा लॅपटॉप उघडून ट्रेनर आहे का ते बघा, आणि नाही म्हणायची लाज वाटत असेल तर पासवर्ड विसरलो म्हणा. ते बहुधा खरंच असतं.

माझं मत विचाराल तर एकट्याच्या डावात काय वाटेल ते करा. राक्षसाला रणगाड्याने मारा, पाण्यावर गाडी चालवा, ३० जीव घ्या. तुमचा वेळ, तुमचं वीजबिल, तुमचा राक्षस. गेममध्येच दिलेले कोड असतील तर ते वापरा, बाहेरचा ट्रेनर लावायचा असेल तर आधी वायफाय बंद करा. ऑनलाइन जायच्या आधी ट्रेनर बंद करा, गेम पूर्ण बंद करा, जमल्यास मशीनही एकदा बंद करून चालू करा. ज्या गेममध्ये दोन्ही भाग एकाच खात्यावर आहेत तिथे ट्रेनर लावूच नका. आणि हे सगळं वाचूनही खातं गेलंच, तर अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार आहे, नाव तेवढं बदलून घ्यावं. यशाची हमी नाही.